आठवणी म्हणजे काय पाटी आहे पुसायला?

खडूस_मास्तर
काल 'नवयुग' यांचा लेख वाचून राहवलं नाही, म्हणून हा वेगळा धागा. ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी सार: कपाळाशी चुंबक धरलं की सहा आठवड्यांत युद्धाच्या आठवणी पुसल्या जातात, अमेरिकेतले माजी सैनिक यानेच बरे होतायत, आणि आपल्याकडे औषध कंपन्या हे दाबून ठेवतात.

अहो, आठवणी म्हणजे काय पाटी आहे? या चुंबकाच्या उपचाराला टीएमएस म्हणतात. त्यात कॉइलमधून, म्हणजे तारेच्या वेटोळ्यातून, विजेचे झटपट झोत सोडतात, त्याने बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि मेंदूच्या वरच्या थरात थोडासा प्रवाह खेळतो. बस. १९८५ साली शेफील्डच्या बार्कर यांनी हे करून दाखवलं. अमेरिकेत नैराश्यासाठी मान्यता मिळाली २००८ ला, ओसीडीसाठी (तेच तेच विचार आणि कृती सुटत नाहीत तो आजार) २०१८ ला. पीटीएसडीसाठी, म्हणजे युद्धासारख्या जबर धक्क्यानंतर जडणाऱ्या मानसिक आजारासाठी, नाही मिळालेली.

आता गंमत. तिथल्या माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांनीच प्रयोग केला. औषधांना दाद न देणारं नैराश्य असलेले १६४ जण, त्यांतल्या अनेकांना पीटीएसडीही. निम्म्यांना खरं चुंबक, निम्म्यांना नुसता टकटक आवाज करणारं खोटं. २०१८ ला निकाल छापून आला: नैराश्यातून बाहेर पडले खऱ्यावाले ४१ टक्के, खोट्यावाले ३७ टक्के. घ्या!

नवयुग
मास्तर, सोयीचा तेवढा अभ्यास उचललात. त्याच रुग्णालयांनी २०२२ ला आपल्या ७७० रुग्णांची माहिती छापली. त्यांतल्या पीटीएसडीवाल्यांपैकी ६५ टक्क्यांना ठळक फरक पडला, ४६ टक्के तर निदानाच्या रेषेखाली आले. ही माणसं खोटं बोलतायत का? 'पुसल्या जातात' हा शब्द चुकला, मान्य. बाकी लेख जसाच्या तसा राहील.

खडूस_मास्तर
खोटं कोण म्हणतंय? पण तिथे तुलनेला खोट्या मशीनचा गट कुठे होता? ज्याला त्याला खरं चुंबक दिलं आणि बरं वाटतंय का विचारलं. म्हणूनच २०२३ च्या त्यांच्या सरकारी मार्गदर्शक सूचनांत पीटीएसडीसाठी टीएमएस द्या असंही नाही आणि देऊ नका असंही नाही. पुरावा अपुरा, एवढंच. औषध कंपन्यांचं दाबणं वगैरे सोडा. त्या सूचनांत पहिला मान गोळ्यांना नाही, बोलून करायच्या उपचारांना आहे.

टेक्सासची_वहिनी
दोघेही जरा थांबा. मी तीन वर्षं अशा मशीनवर काम केलंय, रुग्णालयाचं नाव नको. दाताच्या डॉक्टरकडे असते तशी खुर्ची. पहिल्या दिवशी कॉइल डोक्यावर सरकवत राहायचं, अंगठा आपोआप उडेपर्यंत. अंगठा ज्या जोरावर उडतो त्यावरून प्रत्येकाचा जोर ठरतो. मग कानात बोळे घालायचे आणि टक-टक-टक, सुतार पक्षी कपाळावर बसल्यासारखं. आठवड्यातून पाच दिवस, सहा आठवडे.

इराकहून आलेला एक जण पहिल्या आवाजाला खुर्चीतून उठून दाराशी उभा राहिला. आठ दिवस आम्ही मशीन चालू न करता नुसते बसलो. चौथ्या आठवड्यात तो म्हणाला, बायकोने गाडीचं दार आपटलं आणि मी दचकलो नाही. चुंबकाने झालं की रोज कोणीतरी त्याची वाट बघत होतं म्हणून झालं, मला सांगता येणार नाही. मास्तर, तुमचे ३७ टक्केसुद्धा रोज येऊन बसत होते, हे विसरू नका.

खडूस_मास्तर
वहिनी, मग खोटं मशीन लावून माणूस बसवा. स्वस्तात पडेल.

टेक्सासची_वहिनी
टोमणा कळला. पण बसवा तरी!

फौजी_का_पोरगा
अमेरिकेचं पुराण झालं असेल तर आमचं ऐका. अप्पा महार रेजिमेंटचे, १९८७ ला श्रीलंकेत. दिवाळीत पहिला सुतळी बॉम्ब वाजला की मोरीत जाऊन बसतात. आत नळ सोडतात, आवाज ऐकू येऊ नये म्हणून. आई बाहेर ताट झाकून वाट बघते. पीटीएसडी हा शब्द आमच्या घरात आलाच नाही. आला तो कँटीनच्या रमचा कोटा. दर महिन्याला न चुकता. चुंबकाचं राहू दे, तो कोटा आधी बंद करा.

सुभेदार_निवृत्त
काय राव, कोटा बंद करा? फौजी म्हणजे दारुडे वाटले का? मी कार्डावर बाटल्या घेतो आणि लग्नकार्यात पाहुण्यांना देतो. स्वतः थेंब घेत नाही.

फौजी_का_पोरगा
काका, तुमच्या पाहुण्यांबद्दल बोलत नाहीये मी.

मिरची_ठेचा
अवांतर: कार्डावरच्या बाटल्या बाहेर विकणारे आमच्या गल्लीतच दोन आहेत.

सुभेदार_निवृत्त
नावं सांगा की मग! बसल्या जागी वर्दीवर चिखल उडवायचा. सियाचिनला एक रात्र काढून या, मग कोट्यावर बोला.

मिरची_ठेचा
सियाचिन आलं. म्हणजे वाद संपला. 🙏

टेक्सासची_वहिनी
रमचा विषय तितका अवांतर नाही. टीएमएसमध्ये फिट येण्याचा धोका अगदी कमी असतो, पण रोज भरपूर पिणाऱ्याला, आणि अचानक सोडणाऱ्याला जास्त, तो वाढतो. आम्ही पहिल्या दिवशी हाच प्रश्न विचारायचो, आणि निम्मे लोक खोटं बोलायचे.

सुभेदार_निवृत्त
...हे ठीक आहे. आमच्या बॅचचे दोघे असेच गेले. एकाच्या बायकोला शेवटपर्यंत वाटत होतं की लिव्हरचा आजार आनुवंशिक आहे. पोरा, तुझ्यावर ओरडलो, राग धरू नकोस.

नवयुग
म्हणजे शेवटी उपचार हवेत, एवढं तरी मास्तरांनी मान्य करावं.

खडूस_मास्तर
नको कोण म्हणालं? मला राग आहे तो पॅकेजचा. माझ्या मेव्हण्याला एका क्लिनिकने तीस सत्रांचे पैसे आधी भरायला लावले. पीटीएसडीला मान्यता नाही हे कोणी सांगितलं नाही, बोलून करायचे उपचार असतात हेही नाही. तुमचाच लेख प्रिंट करून भिंतीला लावतील असे लोक. दहाव्या सत्राला त्याने सोडलं, पैसे बुडाले. वहिनींसारखं कोणी भेटलं असतं तर माझं मत कदाचित वेगळं असतं. कदाचित.

फौजी_का_पोरगा
वहिनी, एक विचारायचं होतं. अप्पांच्या मांडीत अजून छर्रा आहे. असं मशीन चालतं का त्यांना?

टेक्सासची_वहिनी
मांडीतल्याने सहसा अडत नाही. डोक्यात किंवा डोक्याजवळ धातू असेल, कानात इम्प्लांट असेल, तर नाही. तरी डॉक्टरांना एक्स-रे दाखवा. पण भाऊ, मशीनच्या आधी त्यांना बोलतं करणारं कोणी शोधा. आणि प्यायचं खरं किती, ते आईला विचारा, अप्पांना नको.

फौजी_का_पोरगा
आईला विचारलं. ती म्हणाली, बाटल्या मोरीतच असतात.