मदत हवी आहे : वस्तीतल्या घरांचे भाव खरंच वाढलेत, की नुसतं तसं दिसतंय?

नमस्कार मंडळी. एका छोट्या वस्तीतल्या घरविक्रीच्या नोंदी एक्सेलमध्ये भरल्या आहेत : व्यवहाराची तारीख, क्षेत्रफळ, बांधकामाचं वर्ष आणि नोंदलेली किंमत. जाहिरातीतले भाव मुद्दाम घेतले नाहीत, तो मागणीचा आकडा असतो, सौद्याचा नव्हे.

अडचण अशी की तिमाहीत जेमतेम आठ-दहा व्यवहार होतात. त्यात दोन मोठे बंगले विकले गेले की सरासरी एकदम उसळी घेते, पण बाकी कुणाच्या घराची किंमत तसूभरही हललेली नसते. मध्यक (किमती क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी किंमत) काढला तर उसळी कमी होते, पण त्या तिमाहीत मोठी घरंच जास्त विकली गेली असतील तर तोही फसवतो. दर चौरस फुटाचा भाव काढावा, तर लहान घरांचा तो बहुधा जास्तच असतो.

तेच घर दोनदा विकलं गेलं तर त्या दोन किमतींची तुलना करायची, ही पुनर्विक्रीची पद्धत वाचली. बेली, मथ आणि नोर्स या अर्थतज्ज्ञांनी ती 1963 मध्ये मांडली, अमेरिकेतल्या घरांच्या भावांचा केस-शिलर निर्देशांकही तिच्यावरच उभा आहे. कल्पना झकास, पण माझ्याकडे अशा जोड्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. शिवाय मधल्या काळात कुणी वरचा मजला चढवला असेल तर?

इतक्या कमी नोंदींवर शेजारच्या वस्त्या जोडाव्यात, की चार तिमाहींची चलसरासरी (दर वेळी शेवटच्या चार तिमाहींची मिळून सरासरी) घ्यावी? क्षेत्रफळ आणि घराचं वय धरून रिग्रेशन (किमतीवर त्यांचा किती परिणाम होतो ते वेगळं काढणारी आकडेमोड) करायचं तर किमान किती नोंदी लागतील? कुणी प्रत्यक्ष केलं असेल तर कृपया सांगा.