मदत हवी आहे: केसगळती थांबली पण कपाळाचे कोपरे तसेच, तेल-नस्यावर राहू की मिनॉक्सिडिल पण लावू?

नमस्कार मंडळी, वय ३१. कपाळाचे दोन्ही कोपरे मागे सरकलेत आणि भोवऱ्यापाशी टाळू दिसायला लागलीये. मला पत्ताच नव्हता, लिफ्टमधल्या कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर वरून एक डोकं दिसलं आणि दोन सेकंद वाटलं हा कोण बाबा, तर मीच. वडिलांचंही तिशीत असंच झालेलं, त्यामुळे वारसा आहे हे मान्य.

पण घोळ असा की सहा महिन्यांपूर्वी जबरदस्त ताप येऊन गेला आणि त्यानंतर अडीच महिन्यांनी केस मूठमूठ यायला लागले, मोरीच्या जाळीवर रोज गुंता. स्किनवाले डॉक्टर म्हणाले या दोन वेगळ्या गळत्या आहेत, तापानंतरची काही महिन्यांत आपोआप थांबते, कोपऱ्यांची डीएचटी या हार्मोनमुळे आहे ती थांबत नाही, ५ टक्के मिनॉक्सिडिल (केस वाढवायला टाळूला लावायचं औषध) लाव. थायरॉइड नॉर्मल, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि व्हिटॅमिन डी कमी, त्याच्या गोळ्या चालू आहेत.

मी घाबरून आधी वैद्यांकडे गेलो. त्यांनी खालित्य (आयुर्वेदात केस गळून टक्कल पडणं) सांगितलं, पित्त वाढलंय आणि वाताची जोड. रात्री दोनपर्यंत जागरण, चमचमीत खाणं, दिवसाला सहा चहा आणि डोक्यावरून कढत पाणी, म्हणजे माझंच वर्णन. कढत पाण्याचं तर आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथकारांनी, वाग्भटांनीच सांगून ठेवलंय म्हणे, अंगावर घेतलं तर बळ, डोक्यावर घेतलं तर केस आणि डोळे दोन्हीचं बळ जातं. तर आता कोमट पाणी, अकराला झोप, आठवड्यातून तीनदा भृंगराज तेल, सकाळी नाकात अणुतेलाचे दोन-दोन थेंब (हेच नस्य), आवळा चूर्ण. तीन महिने झाले. कंगव्यातले केस मोजतो (हो मोजतो, बायको हसते), शंभरच्या वर यायचे ते आता तीस-चाळीस. झोप तर इतकी सुधारलीये की तेवढ्यासाठी पण हे सोडणार नाही.

पण दर एक तारखेला त्याच बल्बखाली फोटो काढतो त्यात कोपरे जसेच्या तसे. मग गळती तेलाने थांबली की तापाची होती म्हणून तशीही थांबणारच होती?

फक्त तेल-नस्यावर कोपऱ्यात केस परत आलेत असं कुणाचं स्वतःचं झालंय का, मावसभावाच्या मित्राचं नको. आणि दोन्ही एकत्र करणारे मिनॉक्सिडिल आणि तेल यांच्या वेळा कशा सांभाळता, मी रात्री तेल लावून सकाळी धुतो, मग मिनॉक्सिडिल धुतल्यावर कोरड्या टाळूला लावायचं ना? सुरुवातीला त्याने अजून गळतात म्हणतात, ते किती आठवडे चाललं तुमचं? फिनास्टराइडला (डीएचटी कमी करणारी गोळी) मी जरा बिचकून आहे, साइड इफेक्ट वाचलेत, घेणाऱ्यांनी खरं काय ते सांगा.

कांद्याचा रस प्लीज सुचवू नका, करून झालाय, उशीला अजून वास येतो.