विकास आराखड्यावरची हरकत: सुनावणीत कोण असतं?

प्रश्न: प्रारूप आराखड्यात सोसायटीच्या मोकळ्या जागेवरून १८ मीटरचा रस्ता दाखवलाय. सगळ्यांच्या सह्यांचं एकच पत्र पुरे का? आणि सुनावणी कोण घेतं?

उत्तर १: चालतं, पण छापील मजकुराच्या शंभर प्रती दिल्याने वजन वाढत नाही. सर्व्हे नंबर, नकाशाचा पत्रक क्रमांक, सातबारा, मंजूर लेआउट जोडा. रस्ता कुठून वळवावा, ते आराखड्याच्या भाग-नकाशावर (आपल्या परिसरापुरत्या नकाशावर) लाल रेषेने दाखवा. आवक क्रमांक घ्याच. मुदत नोटिशीत असते, उशिराचं पत्र सहसा दप्तरातच राहतं.

उत्तर २: हरकती एमआरटीपी कायद्याच्या (महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा) कलम २८ची नियोजन समिती ऐकते: पालिकेच्या स्थायी समितीचे तीन सदस्य, शिवाय जास्तीत जास्त चार तज्ज्ञ. ती फक्त अहवाल देते. अंतिम मंजुरी कलम ३१ खाली शासनाची. म्हणून नगरसेवकाच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नका.