पाणंदीत वाट चुकलेल्यांनी इकडे या : आडरानातल्या बाईक राईडसाठी जीपीएस

काळीमाती
नवा जीपीएस घ्यायचा विचार आहे म्हणून आज सकाळी हँडलवरचा जुना क्लॅम्प काढला, तर खोबणीतून वाळलेल्या काळ्या मातीची ढलपी निघाली. बोटानं चुरता चुरेना. ही माती जुलै २०१९ ची, आणि कुठली तेही मला चांगलं आठवतंय.

दोन दिवसांची राईड होती. सोलापुरातून होटगी रस्त्यानं निघायचं, हत्तरसंग कुडल करायचं, तिथून आडवाटांनी मंगळवेढा. आदल्या रात्री सगळ्यांना जीपीएक्स फाईल, म्हणजे जीपीएसमधे टाकायची वाटेची फाईल, मिळाली. मी ती यंत्रात टाकली आणि झोपलो, उघडून बघितलीच नाही. दुसऱ्या दिवशी अंधार पडल्यावर पुढच्या गाड्यांचे दिवे दिसेनासे झाले, तरी स्क्रीनवर रेघ होती म्हणून मी निर्धास्त. त्या रेघेनं मला एका पाणंदीत घातलं. थोड्याच अंतरावर पाणंद संपली, समोर उभा ऊस. गाडी वळवताना पुढचं चाक आणि मडगार्डच्या मधे माती अशी ठासली की चाक फिरेना. फोन सहा टक्के. वस्तीवरचे एक आजोबा बॅटरी घेऊन आले. "हितनं म्होरं वाट न्हाई पोरा, नांगरून तीन वर्सं झाली." त्यांनीच विळ्यानं माती खरवडून काढली. घरी नेऊन भाकरी आणि ठेचा वाढला, तोवर आजीनं पाणी तापवलं होतं.

नंतर कळलं की फाईलमधे रूट होता, ट्रॅक नव्हता. दोन खुणांमधली वाट यंत्रानं आपल्या मनानं काढली होती.

डिसेंबरात परत तसाच कार्यक्रम आहे, चारशेच्या आसपास किलोमीटर, निम्म्याहून जास्त कच्चा. तुम्ही काय वापरता, का घेतलंत, कुठं अडकलात ते लिहा. माहितीपत्रकं वाचून झालीत, मला वापरलेल्या माणसांचं ऐकायचंय.

सीनाकाठ
रूट ट्रॅकचं अजून थोडं लिहितो, निम्मी मंडळी इथंच चुकतात. रूटमधे मोजके बिंदू असतात, एका बिंदूवरून दुसऱ्यावर कसं जायचं हे यंत्र स्वतःच्या नकाशावरून ठरवतं. दोघांच्या यंत्रात नकाशे वेगळे असले की एकच फाईल दोघांना दोन वाटांनी नेते. ट्रॅक म्हणजे पुढं गेलेल्या गाडीच्या चाकाची खूण, त्यात हजारो बिंदू. आडरानात ट्रॅकच पाहिजे.
घेण्याआधी एवढंच विचारा की लांब ट्रॅक न कापता दाखवतं का. माझं जुनं यंत्र पाचशे बिंदूंवर ट्रॅक तोडायचं. बार्शीकडच्या एका राईडला शेवटचे चाळीस किलोमीटर स्क्रीनवर नुसता मोकळा माळ होता, मी लोकांना विचारत विचारत आलो

कडक भाकरी
फोनवर भागवू नका. मे महिना, मोहोळच्या पुढं, दुपारचा एक, पारा ४३ च्या वर. फोन हँडलवर उन्हात, चार्जिंग चालू, नकाशा चालू. आधी स्क्रीन मंद झाली, मग गरम झाल्याची सूचना, मग काळा. झाडाखाली अर्धा तास ओल्या रुमालात गुंडाळून बसलो तेव्हा उठला. त्यात पैसेही होते, फोन नंबरही होते. एकही नंबर पाठ नाही आपल्याला!! त्या दिवसापासून बायकोचा आणि भावाचा नंबर हेल्मेटच्या आत लिहून ठेवलाय.

पार्क चौक
@कडक भाकरी अरे मग पाणी होतं का जवळ?? ४३ मधे दुपारी एकला निघालासच का बे

कडक भाकरी
होतं, दोन लिटर. सकाळी पाचला निघालेलो, पंक्चरनं उशीर केला

सात रस्ता
मी हिरोची एक्सपल्स बाईक चालवते. दोन वर्षं झुमो एक्सटी, म्हणजे गार्मिन कंपनीचा बाईकसाठीचा जीपीएस, वापरतेय, एका मैत्रिणीकडून जुना घेतला. नव्याची किंमत ऐकून घरी सांगायची हिंमत झाली नसती. साडेपाच इंची स्क्रीन आहे, सोलापूरच्या भर उन्हात मान न वाकवता वाचता येते, आणि हातमोजे घालून बोट लावलं तरी चालतं. माझ्यासाठी या दोन गोष्टी बाकी सगळ्यापेक्षा मोठ्या आहेत, कारण हातमोजा काढायला थांबलं की पुढचा ग्रुप गेलाच म्हणून समजा. पावसाची काळजी नाही. पण स्वतःच्या बॅटरीवर दिवस काढत नाही, उजेड पूर्ण ठेवला तर काही तासच. गाडीच्या बॅटरीवरून वायर ओढून घ्यावीच लागते.
आणि दादा, दुकानात काचेखाली बघून घेऊ नका. बाहेर उन्हात नेऊन बघा. दुकानात सगळेच स्क्रीन छान दिसतात.

विजापूर नाका
वायरचं सांगतो, धंदाच आहे आपला. थेट बॅटरीला जोडाल तर मधे फ्यूज टाकाच, आणि शक्यतो रिले (चावीवर चालणारा स्विच) टाकून चावी बंद की बंद होईल असं करा. एकाच्या गाडीत तसंच जोडलेलं, चार दिवस गाडी उभी होती, बॅटरी डाऊन. हँडल पूर्ण डावीकडं पूर्ण उजवीकडं फिरवून बघा वायर ओढली जाते का. याला दोन मिनिटं लागतात आणि लोक हेच करत नाहीत.

माळावरची
सेलवर चालणारं हातातलं छोटं यंत्र होतं माझ्याकडं, दोन पेन्सिल सेलचं. पायी फिरायला सोन्यासारखं. गाडीवर लावलं आणि खडी लागली की बंद. पुन्हा चालू, पुन्हा बंद. धक्क्यानं सेल क्षणभर सुटतात. सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून सेलच्या मागं घट्ट बसवला, तेव्हापासून बरं आहे. सेल कुठल्याही खेड्यात किराणा दुकानात मिळतात हा मोठा फायदा. बंद पडल्यापासूनचा ट्रॅक मात्र गेला तो गेलाच, तुळजापूरच्या घाटातला होता.

होटगीकर
माझा भाऊ अमेरिकेतून येतोय दिवाळीत. त्याला उपग्रहावरून मेसेज पाठवणारा जीपीएस आणायला सांगू का? रेंज नसेल तिथं कामाला येईल ना

सीनाकाठ
@होटगीकर नको नको. आजच फोन करून सांगा. नुसता जीपीएस चालतो, पण उपग्रहावर संदेश पाठवणारं यंत्र, म्हणजे इनरीच वगैरे, आपल्याकडं परवान्याशिवाय बाळगता येत नाही. गोवा, दिल्ली विमानतळावर परदेशी पर्यटकांना यावरून पकडलंय. गार्मिनचे मोंटाना ७०० आणि ७००आय हे जीपीएस जुळे दिसतात, 'आय' वाल्यात ती सोय आहे. खोक्यावरचं नाव नीट वाचून घ्यायला सांगा.

होटगीकर
बापरे. बरं झालं विचारलं. लगेच फोन लावतो, तिकडं रात्र असली तरी

गड्ड्याची जत्रा
आमचे हे असल्या राईडला जातात म्हणून लिहितेय, मी स्वतः चालवत नाही. घरी बसून लाईव्ह लोकेशन बघते. गेल्या वर्षी करमाळ्याकडं गेलेले, तो ठिपका संध्याकाळी साडेपाचला एका ठिकाणी थांबला तो साडेनऊपर्यंत हलला नाही. सासूबाईंनी देवापुढं दिवा लावला, मी भाजी जाळली. रेंज नव्हती, बाकी काही नाही, हे मस्त टपरीवर भजी खात होते. यंत्र कुठलंही घ्या, पण निघताना घरच्यांना सांगून जा की अमुक ते अमुक रेंज नसेल, अमुक वाजता फोन करीन. तेवढ्यानं जीव थाऱ्यावर राहतो हो.

सात रस्ता
@गड्ड्याची जत्रा ताई खरंय. माझी आई तर ठिपका हलला तरी फोन करते, हळू चालव म्हणून :)

पार्क चौक
कुडलला गेलात तर तिथला शिलालेख बघितलात का कुणी? शके ९४० चा, मराठीतल्या सगळ्यात जुन्या लेखांपैकी. भीमा सीनेचा संगम आणि देऊळ, नुसतं ठिकाण गाठून फोटो काढून पळू नका रे

काळीमाती
@पार्क चौक त्या राईडला सकाळी बघितला की. हात न लावता अर्धा तास बसलो होतो.

जुनी राजदूत
आमच्या वेळी टाकीवरच्या पिशवीत कागद आणि मीटरवर नजर. वडाच्या झाडापासून २.३ किमी, डावीकडं ओढा, पुढं मारुतीचं देऊळ. स्पर्धेत आजही तेच आहे बाळांनो. डकार रॅलीत, म्हणजे वाळवंटातल्या त्या मोठ्या शर्यतीत, जीपीएस नकाशा दाखवत नाही. तुम्ही ठरलेल्या खुणेजवळून गेलात की नाही एवढं तो तपासतो, वाट रोडबुक, म्हणजे अंतरं आणि खुणांची यादी, वाचून आपली आपण शोधायची. सी. एस. संतोष २०१५ मधे तिथं उतरणारा पहिला भारतीय. हरिथ नोहानं २०२४ मधे रॅली-२ गटात पहिला नंबर काढला, त्या रात्री मी पेढे वाटले गल्लीत. त्यामुळं काळीमाती, आधी आयोजकांना विचार की कार्यक्रम रोडबुकवर आहे का ट्रॅकवर. रोडबुकवर असेल तर महागडा नकाशेवाला घेऊन काय करणार, नेमकं अंतर दाखवणारा मीटर हवा.

काळीमाती
काका हे विचारायचं डोक्यातच आलं नव्हतं. विचारतो.

नान्नजचा
एक विनंती. कुणीतरी फिरवलेला एक ट्रॅक मी परवा उघडून बघितला, तो सरळ आमच्या माळढोक अभयारण्याच्या गवतातून जातो. १९७९ पासून अभयारण्य आहे हे. माळढोक जमिनीवर अंडं घालतो, तेही बहुतेक एकच. गवत मोकळं दिसतं म्हणून गाडी घालू नका. लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून मी हा पक्षी बघितलाय, माझ्या मुलाला अजून दाखवता आलेला नाही. ट्रॅक यंत्रात टाकायच्या आधी मोठ्या स्क्रीनवर उपग्रहाच्या चित्रावर ठेवून बघा, दहा मिनिटं लागतात.

काळीमाती
@नान्नजचा तो ट्रॅक मलाही आलाय. आयोजकांना आत्ताच कळवलं, तो तुकडा काढायला सांगितलाय.

उजनीचं पाणी
नकाशाचा विषय निघालाच तर, उन्हाळ्यात उजनीच्या फुगवट्याला या. स्क्रीनवर तुम्ही भर पाण्यात, चाकाखाली भेगाळलेली कोरडी जमीन. पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं, तिथवर लोक गाड्या घेऊन जातात. आणि सप्टेंबरात तोच ट्रॅक लावाल तर थेट धरणात. ट्रॅक कुठल्या महिन्यात काढलाय ते फाईलच्या नावातच लिहून ठेवत जा, मी तसंच करतो.

पांदण
मी गेली तीन वर्षं सांगोला मंगळवेढा भागातल्या पाणंदी ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे लोकांनीच मिळून भरलेल्या फुकट नकाशावर, भरतोय. फिरून आलो की रात्री तासभर बसायचं. चालू आहे, मोडली, नांगरली, फक्त बैलगाडी, असं लिहायचं. हाच नकाशा फोनवर ऑसमअँड या ॲपमधे विनानेट चालतो, गार्मिनमधेही फुकट टाकता येतो. त्यामुळं यंत्र घेताना बाहेरचा नकाशा घालता येतो का हे मी सगळ्यात आधी बघतो. सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० प्रमाणाच्या टोपोशीट (सरकारी भूनकाशे) २०१७ पासून फुकट उतरवता येतात, त्यात गाडीवाटा, विहिरी, देवळं सगळं आहे. जुनं असतं, पण विहीर हलत नाही. काळीमाती, तुमच्या त्या उसाच्या पाणंदीचं ठिकाण पाठवा, आज रात्रीच बंद म्हणून टाकतो.

काळीमाती
@पांदण पाठवलं. खरं सांगू, हे वाचून फार बरं वाटलं. त्या वाटेनं अजून कुणी जाऊ नये.

शेंगाचटणी
काय करलालाव बे सगळे, चटणी कुणी आणणार ते ठरवा आधी

पार्क चौक
चटणी माझ्याकडं. कडक भाकऱ्या दहा-बारा लागतील

कडक भाकरी
भाकऱ्या माझ्याकडं, आणि कुणी विचारायच्या आत सांगतो, पाणी पाच लिटर :)

काळीमाती
आयोजकांचा फोन आला. रोडबुक नाही, ट्रॅक देणार, तोही यावर्षी पावसानंतर स्वतः चालवून काढलेला. मग माझं ठरलं : उन्हात वाचता येईल असा जुना झुमो शोधतो, पांदण यांचा नकाशा त्यात टाकतो, आणि फोन विनानेट नकाशासकट बंद करून खिशात ठेवतो. सात रस्ता, तुमच्या मैत्रिणीला अजून कुणी विकणारं माहीत असेल तर विचारा ना.

सात रस्ता
विचारते. तोवर रविवारी माझा लावून बघा, सकाळी साडेपाच, विजापूर नाका. तुमचा क्लॅम्प यंत्र अडकवायच्या एक इंची गोळ्याचा आहे का?

काळीमाती
हो एक इंची. माती काढून धुऊन ठेवलाय. वस्तीवरच्या आजोबांना एक सोलापुरी चादर द्यायची राहिलीय सहा वर्षं, रविवारी तिकडंच जाऊया का?

विजापूर नाका
मी येतो, फ्यूज आणि रिले घेऊन. उसाच्या अलीकडं थांबू