एका अहवालात चार वेळा आलेली ‘सिक्युरिटी’

प्रश्न : दांडियाबाजारकर (वडोदरा)

आमच्या सोसायटीचा वार्षिक अहवाल इंग्रजीत निघतो आणि ज्येष्ठ मराठी सभासदांसाठी तो मराठीत उतरवण्याचे काम माझ्याकडे असते. यंदा त्यात ‘सिक्युरिटी’ हा शब्द चार ठिकाणी होता आणि मी चारही ठिकाणी ‘सुरक्षा’ लिहून मोकळा झालो. पहिला उल्लेख पहारेकऱ्यांच्या पगाराचा होता, त्यामुळे तेथे निभावले. परंतु ‘राखीव निधीतील तीन लाख रुपये सरकारी सुरक्षेत गुंतवले’ हे वाक्य वाचून एका आजोबांनी भर सभेत विचारले, की एवढ्या पैशांत शिपाई किती आले आणि ते रात्री फाटकावर दिसत का नाहीत. उरलेले दोन उल्लेख रंगकामाच्या ठेकेदाराकडून घेतलेल्या रकमेचा आणि लिफ्टच्या कर्जापोटी बँकेकडे अडकवलेल्या ठेवीचा असे आहेत. कोठे कोणता शब्द योजावा, आणि एकाच शब्दात हे सारे आले कसे?

उत्तर : निवृत्त बँकवाला

ठेकेदाराची रक्कम ही ‘अनामत’. त्यात वाद नाही. कर्जापोटी अडकवलेली ठेव हे ‘तारण’. येथे एक गफलत मात्र टाळावी, कारण मी नोकरीत असताना ती शेकडो अर्जांवर पाहिली आहे : सिक्युरिटीच्या रकान्यात लोक मेहुण्याचे नाव लिहीत. वस्तू तारण ठेवली जाते, माणूस जामीन राहतो, आणि इंग्रजी शब्द सैलपणे दोन्हींना चालतो. तारणातही प्रकार आहेत. सोने बँकेच्या तिजोरीत जाते. उलट कर्जावर घेतलेली मोटार आपल्याच दारात उभी राहते आणि बँकेचा बोजा तेवढा आरसी बुकात चढतो, ते ‘नजरगहाण’. थकीत कर्जांसाठीच्या २००२ च्या सरफेसी कायद्याच्या लांबलचक इंग्रजी नावात तर ‘सिक्युरिटी’ दोन रूपांनी येते : एकदा कर्जांचे रोख्यांत रूपांतर करणे या अर्थी, आणि पुढे तारणावरील हक्क बजावणे या अर्थी.

उत्तर : शब्दवेडा

मूळ लॅटिन शब्दात ‘से’ म्हणजे विना आणि ‘कुरा’ म्हणजे काळजी. म्हणजे हा मुळात ‘निश्चिंतपणा’. सोळाव्या-सतराव्या शतकांतल्या इंग्रजीत तो चक्क ‘गाफीलपणा’ या निंदेच्या अर्थानेही वापरला जाई. कर्ज देणाऱ्याला निर्धास्त करणारी वस्तू म्हणून तो तारणाला लागला, पुढे कर्जाची कबुली देणाऱ्या कागदाला, आणि शेवटी बाजारात विकल्या जाणाऱ्या कोणत्याही तशा कागदाला. म्हणूनच मागे काहीही गहाण नसलेले विनातारण कर्जरोखेसुद्धा इंग्रजीत ‘सिक्युरिटी’च ठरतात, हे मला फार गमतीचे वाटते. भारताच्या रोखे-व्यवहारांवरील १९५६ च्या कायद्यात शेअरही याच संज्ञेत मोडतात. ‘रोखा’ म्हटले की कर्जाचा कागद डोळ्यांपुढे येतो, त्यात शेअर नीट मावत नाही. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या हिंदी नावात ‘प्रतिभूती’ आहे ती एका अर्थी सोयीची. संस्कृतात ‘प्रतिभू’ म्हणजे जामीनदार, तेव्हा तो शब्दही बाजारात जामीनकीच्याच वाटेने आला आहे. आपल्या अहवालात मात्र ‘सरकारी रोखे’ लिहावे. प्रतिभूती वाचून आजोबा दुसरा प्रश्न विचारतील.

उत्तर : रावपुऱ्यातील वाचक

बडोद्यात आणखी एक अडचण आहे, कारण आपले ज्येष्ठ सभासद सकाळी गुजराती वर्तमानपत्र वाचतात. तेथे सरकारी रोख्यांना ‘सरकारी जामीनगीरी’ म्हणतात, आणि ‘तारण’ हा शब्द बहुधा ‘निष्कर्ष’ या अर्थी भेटतो. चौकशी समितीचे ‘प्राथमिक तारण’ वाचून मी स्वतः एकदा समितीने काय गहाण ठेवले ते शोधत बसलो होतो. म्हणून नुसते ‘तारण’ न लिहिता ‘कर्जासाठी तारण ठेवलेली मुदत ठेव’ असे पूर्ण लिहावे. पहारेकऱ्यांच्या ओळीतही ‘सुरक्षा’ नको, ‘पहाऱ्याचा खर्च’ पुरे.

प्रश्नकर्ता : दांडियाबाजारकर

सर्वांचे आभार. पहारा, अनामत, तारण आणि रोखे असे चार निरनिराळे शब्द घालून दुरुस्तीपत्रक काल घरोघरी वाटले. आजोबांनी ते चष्मा पुसून दोनदा वाचले आणि विचारले, की रोख्यांवर व्याज किती मिळते. ते मूळ इंग्रजी अहवालातही दिलेले नाही.