मदत हवी आहे : कॉट्सवोल्डच्या दगडी घराच्या दरजांत सिमेंट भरलंय, आता चुना कोणता?

घर इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायरमधलं, १७व्या शतकातलं, ग्रेड २ लिस्टेड (म्हणजे वारसा म्हणून कायद्याने संरक्षित). भिंती साधारण ५५० मिमी जाड. दोन्ही अंगांना मऊ चुनखडीचा दगड, मध्ये माती-चुना-कपच्यांची भर. ओल अडवणारा थर अर्थातच नाही. अशा भिंतीतलं पाणी दरजांतल्या चुन्यातून वाळून जातं. पण मागे कुणीतरी १:३ सिमेंट-वाळूने दरजा भरल्या. आता पाणी दगडातूनच बाहेर येतं आणि थंडीत गोठलं की पापुद्रे सुटतात. सिमेंट शाबूत, दगड खलास!

सिमेंट छिन्नी-हातोडीनेच काढणार, दरजेच्या रुंदीच्या दुप्पट खोल, किमान २५ मिमी. ग्राइंडरने दगडाच्या कडा जातात. कौन्सिलशी परवानगीचं बोलणं सुरू आहे.

अडलंय मिश्रणावर. एनएचएल ३.५ (एनएचएल म्हणजे पाण्याने घट्ट होणारा नैसर्गिक चुना, आकडा मोठा तितका कडक) या दगडाला कडक पडेल असं वाटतं. मग एनएचएल २ आणि भरड वाळू १:२.५, की भिजवून मुरवलेला चुना? तो फार सावकाश धरतो आणि ऑक्टोबरनंतर पारा ५ अंशांखाली उतरू लागतो. गोणपाट झाकून निभेल, की वसंतापर्यंत थांबावं? सिमेंट दगडाला घट्ट चिकटलंय तिथे तसंच सोडावं का?

ओल अडवायला भिंतीत रसायनाचं इंजेक्शन सुचवू नका, कृपया.