वाडीतली वाट सात फुटांची, मग गाडी केवढी?
(कोकणातल्या वाडीसाठी गाडी निवडण्यावरची चर्चा. प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

गडगा
रत्नागिरी, राजापूर, देवगड, मालवण, कुठल्याही वाडीत शिरा. डांबर संपतं, दोन गडग्यांमधली (दगडी कुंपणांमधली) सात फुटांची वाट सुरू होते, शेवटी काटकोनात वळण आणि मग खळं (अंगण). गणपतीला चाकरमान्यांच्या मोठ्या गाड्या याच कारणाने देवळापाशी रांगेत उभ्या असतात आणि सामान डोक्यावरून घरी जातं.
म्हणून माझं मत: वाडीत घर असेल आणि गाडी पहिलीच असेल, तर बाजारात मिळते त्यातली सगळ्यात छोटी घ्यावी. अल्टो के१० रुंदीला १,४९० मिलिमीटर, स्विफ्ट १,७३५. सात फूट म्हणजे २,१३० मिलिमीटर. आरसे धरून अल्टोला दोन्ही बाजूंना वीत-वीत जागा उरते, स्विफ्टला आरसे मिटूनच जावं लागतं. वळायला अल्टोला ४.५ मीटरची त्रिज्या पुरते. २२ सप्टेंबर २०२५ पासून १,२०० सीसीच्या आतल्या, चार मीटरपेक्षा आखूड पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे पैशांचंही निमित्त उरलं नाही. रोज पंधरा-वीस किलोमीटर, आठवडी बाजार, दवाखाना, स्टेशन. याला मोठी गाडी कशाला?

घाटमाथा
वाट मोजलीत, वळण मोजलंत का? त्रिज्येचा आकडा मोकळ्या मैदानातला असतो. दोन्हीकडे भिंत असलेल्या काटकोनात पुढचा बाहेरचा कोपरा एका भिंतीला लागतो आणि मागचं आतलं चाक दुसऱ्या कोपऱ्यावर चढतं. कागदावर काढून बघा. एका दमात वळायचं तर वळणापाशी दोन्ही बाजूंची वाट अल्टोला साधारण दहा फूट हवी, स्विफ्टला अकराच्या वर. सात फुटांच्या काटकोनात दोन्ही अडकणार. मग छोटी घेऊन मिळवलंत काय?
आणि बारा महिने वाडीतच फिरणार आहात का? आजारी माणूस कोल्हापूरला न्यायचा तर आंबा घाट आहे, सावंतवाडीकरांना आंबोली. मागे तीन माणसं, डिकीत पिशव्या, एसी चालू, पावसात समोर ट्रक. तिथे अल्टोची ६५-६७ अश्वशक्ती म्हणजे दुसऱ्या गिअरमध्ये नुसता आवाज.

गडगा
वळणाचं मान्य, पण त्यावर उपाय आहे. आतल्या कोपऱ्याचे चिरे (दगड) पुरेसे तिरके काढून घेतले की अल्टो सुटते. स्विफ्टला त्याहून बरंच जास्त काढावं लागेल, म्हणजे शेजाऱ्याच्या हद्दीत जाणार. गडग्याचा एक चिरा हलवायचा तर भावकीची तीन पिढ्यांची भांडणं वर येतात, हे तुम्हाला सांगायला नको. जितकी गाडी छोटी तितकी भांडणं कमी.

पेटीवाला
चढावर छोटी गाडी मरते हे अर्धवट खरं आहे. हिशोब करू. अल्टो ७६० किलो, चार माणसं २८०, सामान ६०, मिळून ११०० किलो. सहा फुटाला एक फूट असा चढ धरा, वाडीतला नेहमीचा. गाडीला मागे खेचणारा जोर १८० किलोच्या आसपास येतो. पहिल्या गिअरमध्ये १ लिटरचं इंजिन हा जोर आरामात उचलतं. गाडी मरते ती अर्ध्या क्लचमुळे. लोक इंजिनाच्या मिनिटाला १,००० फेऱ्यांवर क्लच सोडतात, इंजिन गुदमरतं, पुन्हा दाबतात, प्लेट जळल्याचा वास येतो आणि दोष गाडीला.
चढावर थांबलात तर हँडब्रेक पूर्ण ओढा, २,००० फेऱ्यांपर्यंत ॲक्सिलेटर द्या, क्लच इतका सोडा की बॉनेट किंचित वर उचललेलं दिसेल, आणि मगच हँडब्रेक सोडा. एएमटी (क्लचचं पेडल नसलेली, गिअर आपोआप बदलणारी) गाडी घेणार असाल तर अशा चढावर आधी चालवून बघा. ती दुसरा की पहिला या विचारात पडते आणि तोवर मागे सरकते. मॅन्युअल मोडवर पहिला टाकून ठेवायचा, हँडब्रेक इथेही लागतोच.
सीएनजी घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं की त्याच इंजिनाची ताकद सीएनजीवर ५७ अश्वशक्तीच्या घरात येते. घाट लागायच्या आधी बटण दाबून पेट्रोलवर यायचं. आणि गॅसचं नळकांडं डिकी खातं. हंगामात आंब्याच्या चार पेट्या टाकायच्या असतील तर सीएनजीवाली छोटी गाडी विसरा.

मळभ
सगळे कोरड्या रस्त्यावरचं बोलताहेत. जुलैत वाटेवर शेवाळ धरलं की ताकद कितीही असो, चाक जागेवर फिरतं. या सगळ्या छोट्या गाड्यांचं पुढचं चाक ओढतं. मागे माणसं बसली आणि चढ लागला की वजन मागे जातं, पुढची चाकं हलकी होतात. माणसं उतरवा, दुसऱ्या गिअरवर हळू काढा. तरीही नाही गेली तर गाडी फिरवून रिव्हर्समध्ये चढवा. मग वजन ओढणाऱ्या चाकांवर येतं. दिसायला विचित्र, पण चढते. पाऊस लागायच्या आत, आगोटीच्या सामानाबरोबरच, वाटेवर ब्लीचिंग पावडर मारून खराट्याने शेवाळ काढणं स्वस्त पडतं.
दुसरं पाणी. अल्टोच्या टायरची उंची ५६ सेंटिमीटर. साकवावर (ओढ्यावरच्या छोट्या पुलावर) पाणी चाकाच्या मध्यापर्यंत असेल, म्हणजे २८ सेंटिमीटर, तर ती शेवटची मर्यादा, आणि तीही पाणी स्थिर असताना. वाहत्या पाण्यात हलकी गाडी धोक्याची. तळाचं क्षेत्रफळ चार चौरस मीटरच्या आसपास असतं, त्यामुळे तळाच्या वर अठरा-एकोणीस सेंटिमीटर पाणी आलं की ७६० किलोची गाडी तरंगायलाच बघते. त्याच्या आधीच चाकांची पकड जाते. पऱ्ह्या (ओढा) फुगला असेल तर थांबा, तासाभरात उतरतो.
पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा चावी फिरवू नका. सिलिंडरमध्ये गेलेलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. विम्यात इंजिन प्रोटेक्टचं कलम वेगळं घेतलेलं नसेल तर हा खर्च बहुधा स्वतःच्याच खिशातून.

घाटमाथा
मळभ यांनी माझंच काम केलं. चार माणसं, पावसाळा, घाट, एवढं असेल तर वॅगन आर घ्या. ३,६५५ मिलिमीटर लांब म्हणजे अल्टोपेक्षा अर्धी वीतच जास्त, रुंदी १,६२०, डिकी ३४१ लिटरची, अल्टोची २१४. उंच दारातून म्हाताऱ्या माणसाला गुडघे न मोडता बसता येतं. वाडीत शिरण्याचं सुख दिवसातून दोनदा, बसण्याचं सुख दिवसभर.

विजेचा_खांब
अजून कुणी एमजी कॉमेटचं, विजेवरच्या छोट्या गाडीचं, नाव काढलं नाही. लांबी २,९७४, रुंदी १,५०५, त्रिज्या ४.२ मीटर. ज्या वळणाला अल्टोला दहा फूट लागतात तिथे ही साडेनऊ फुटांत बसते. मोटर ११० न्यूटन मीटर जोर पहिल्या क्षणापासून देते, क्लच नाही, आणि ओढणारं चाक मागचं, म्हणजे मळभ यांनी सांगितलेलं चढाचं वजन बरोबर त्याच चाकावर येतं. वाडीसाठी याहून सोयीची गाडी दाखवा.
ओहोटीला फेरीबोटीच्या धक्क्याचा उतार खडा होतो. वेसवी-बागमांडला असो की दाभोळ-धोपावे, लांब नाकाच्या गाड्या तिथे खाली घासतात. हिला नाकच नाही.

खारेवारे
नाक नाही आणि डिकीही नाही. मागे दोन माणसं बसली तर पिशव्यांना जागा नाही, पिशव्यांसाठी सीट पाडावी लागते. दारं दोनच, त्यामुळे लांब. गडग्यालगत उभी केली तर दार अर्धंच उघडतं, मागचा माणूस उतरणार कसा? चाकं बारा इंची, टायरची पूर्ण उंची ५१ सेंटिमीटर, रेनॉच्या क्विडची ५९. खड्डा तोच, पण लहान चाक त्यात जास्त खोल उतरतं आणि धक्का पाठीत बसतो. स्टेपनी नाही, नुसतं पंक्चर किट. टायरची बाजू फाटली तर किटचा उपयोग शून्य. आता चार्जिंग. बॅटरी १७.३ युनिटची, भरताना वाया जातं ते धरून एकोणीस-वीस युनिटं लागतात, ३.३ किलोवॅटच्या चार्जरवर सात तास. पावसात लाइट जाते तेव्हा सात तास सलग वीज कुठल्या वाडीत असते ते सांगा.

विजेचा_खांब
रोज पूर्ण भरावी लागतच नाही. वीस किलोमीटर फिरणाऱ्याला दोन-तीन युनिटं पुरतात, तासाभराचं काम. दोन दिवस लाइट नसली तरी गाडी चालते.
खरी अडचण वेगळी आहे, ती मीच सांगतो: अर्थिंग. जांभ्यात ओल टिकत नाही, एप्रिल-मेमध्ये कातळ कोरडा ठणठणीत होतो आणि जुन्या घरांची अर्थिंग नावापुरती उरते. चार्जर एरर दाखवतो, लोक गाडीला शिव्या देतात. वेगळा खड्डा घ्या, निदान सहा-सात फूट, कोळसा-मीठ भरा, शक्यतो विहिरीच्या किंवा मोरीच्या ओलीजवळ, आणि उन्हाळ्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी ओता. चार्जरला मीटरपासून वेगळी वायर, किमान चार चौरस मिलिमीटरची तांब्याची, स्वतःचा एमसीबी (भार वाढला की वीज तोडणारा) आणि आरसीसीबी (वीज गळली की तोडणारा). फ्रिजच्या प्लगमधून एक्स्टेंशन ओढलीत तर प्लग वितळतो. महावितरणकडे मंजूर भार किती आहे तोही बघा. जुन्या जोडण्या एक किलोवॅटच्याही असतात.
घाटाचंही खरं सांगतो. सावंतवाडी ते आंबोली सहाशे मीटर चढायला, दोन माणसांसकट, नुसत्या उंचीसाठी दोन युनिटं जातात, म्हणजे बॅटरीचा नववा हिस्सा. उतरताना त्यातली काही परत येतात. मात्र आंबोलीत रात्री शंभर टक्के भरून सकाळी उतरायला लागू नका. भरलेल्या बॅटरीत परतीची वीज मावत नाही, मोटरचा ब्रेक लागत नाही आणि सगळा भार पायाच्या ब्रेकवर येतो. ऐंशी टक्क्यांवर थांबवा.

घाटमाथा
आणि रत्नागिरी-कोल्हापूर? एका बाजूला १३० किलोमीटर, मध्ये घाट. डीसी फास्ट चार्जिंग कॉमेटला नाहीच. कोल्हापुरात रात्र काढावी लागेल.

विजेचा_खांब
हो. महिन्यातून एकदा घाट चढणाऱ्याने ती घेऊ नये. वर्षातून दोनदा चढणाऱ्याने त्या दिवशी भाड्याची गाडी करावी.

हिशोबनीस
भाड्याचा विषय निघालाच आहे तर गाडी हवीच का, हेही तपासा. पाच लाखांची गाडी, आठ वर्षांनी दीड लाख आले असं धरलं तर घसारा वर्षाला ४४ हजार. विमा १२, सर्व्हिसिंग ७, टायर-बॅटरी ३, बेरीज ६६ हजार. वर्षाला सहा हजार किलोमीटर फिरलात तर पेट्रोल टाकायच्या आधीच किलोमीटरला ११ रुपये. पेट्रोल १०५ रुपये आणि मायलेज १८ धरलं तर आणखी सहा. गाडी दारात उभी राहिली तर हा आकडा चढतो, कमी होत नाही. सहा हजारांच्या खाली फिरणाऱ्याला स्कूटर आणि ओळखीचा रिक्षावाला परवडतो. मावशीला रात्री दवाखान्यात न्यायचं असेल तेव्हाच दारातली गाडी आठवते, हेही खरं, आणि त्याची किंमत या हिशोबात बसत नाही.

खारेवारे
घसारा सरळ रेषेत धरलात. समुद्रापासून किलोमीटरभरात घर असेल तर लवकर होतो. खारी हवा आधी कुठे धरते ते लिहितो, जुनी घेणाऱ्यांना उपयोगी पडेल: दारांच्या खालच्या कडा, जॅक लावायची पट्टी, मागच्या चाकावरची कमान आतून, सायलेन्सरचे जोड, बॅटरीखालचा ट्रे. दाराच्या तळाशी पाणी जायची भोकं असतात. अंडरबॉडी कोटिंगवाला (गाडीच्या तळाला गंज रोखणारा थर देणारा) घाईत तीही बुजवतो, मग पाणी दारातच साचतं आणि दार आतून कुजतं. कोटिंग झाल्यावर भोकं काडीने तपासा. पावसाळ्यात आठवडाभर गाडी उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका, मागच्या ड्रमचे लाइनर गंजून चिकटतात. पहिला गिअर आणि चाकाखाली चिरा. उंदरांसाठी बॉनेटमध्ये महिन्यातून एकदा डोकवा.
आणि चिपळूण-महाडकडची जुनी गाडी स्वस्त मिळत असेल तर जुलै २०२१ च्या पुराच्या आधीची आहे का ते बघा. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातीचा डाग राहतो. सीटखालचे रूळ, स्टेपनीचा खड्डा, फ्यूजबॉक्सच्या पिना बघा. डॅशबोर्ड पुसता येतो, ही ठिकाणं कुणी पुसत नाही.

पेटीवाला
आमच्याकडे म्हणतात, गाडी घेवक पैसे लागतत, वळवक जागा लागता. शोरूममध्ये जायच्या आधी एक बांबू घ्या. ज्या गाडीचा विचार आहे तिची आरशांसकट रुंदी मीटरपट्टीने शोरूममध्येच मोजा, माहितीपत्रकात ती बहुधा आरशांशिवाय असते. बांबू तेवढा कापा, आडवा धरा आणि रस्त्यापासून खळ्यापर्यंत चालत जा. गडगा आरशापेक्षा बुटका असेल तिथे बांबू वरून जाऊ द्या, चालेल. फणसाच्या मुळापाशी आणि तुळशीवृंदावनापाशी हमखास अडतो.

गडगा
आणि वळणाला?

पेटीवाला
वळणाला गाडीच न्या. टेस्ट ड्राइव्ह डांबरी रस्त्यावर नको म्हणून सांगा, घरापर्यंत आणायला लावा. सेल्समन कुरकुर करेल. त्यालाच वळवायला द्या.